वावरात वाघाचा पंजा दिसला म्हणून वावर जात नाही

काल रात्री भिवापूरहून मामांचा फोन आला. "धुऱ्यावरची बोराटी उद्या पेटवून देतो, नाहीतर फॉरेस्टवाले वावर घेतील." काहून, तर व्हॉट्सॲपवर फिरणारा तो मेसेज. खाजगी शेतात वन्यप्राणी राहताना दिसला की वनखातं जमीन ताब्यात घेतं म्हणे, म्हणून झाडोरा साफ करा, पाणवठा बुजवा, कुंपणात लाईन, म्हणजे विजेचा करंट, सोडा आणि तक्रार अजिबात करू नका. आमच्या घरच्या ग्रुपवरच तीनदा आलाय.

जमीन जाते हे साफ खोटं आहे. वन्यजीव कायदा 1972 चा, त्यात 2002 च्या दुरुस्तीनं कलम 36 सी आलं, काढून वाचा. खाजगी जमीन वन्यजीवांसाठी सामुदायिक राखीव करायची तर मालकानं किंवा गावानं स्वतःहून पुढं यावं लागतं. पंजा दिसला, घरटं दिसलं म्हणून सातबारावरचं नाव बदलत नाही. हां, एकदा राखीव झाली की जमिनीचा वापर मनाला येईल तसा बदलता येत नाही, हे खरंय. आणि 1975 च्या कायद्यानं खाजगी वनं सरकारजमा झाली होती हेही खरं, भीती तिथूनच आली असेल, पण तो कायदा खाजगी वनांचा होता, मामांच्या कपाशीच्या वावराचा नाही.

इको सेन्सिटिव्ह झोनमध्ये, म्हणजे अभयारण्याभोवतीच्या पट्ट्यातही, खाणी, हॉटेलांवर बंधनं येतात, मालकी शेतकऱ्याचीच राहते.

पण माझं डोकं फिरलं ते लाईनवरून. अरे, उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध जय वाघाचा बछडा श्रीनिवास 2017 मध्ये नागभीडकडे अशाच कुंपणाच्या करंटनं मेला. वाघ मेला तर तीन ते सात वर्षं कैद आहे, मेसेज पाठवणारा येणार आहे का जेलात? आणि त्या तारेला रोही (नीलगाय) कोणता नि माणूस कोण हे कळत नाही. मामा स्वतः रात्री थ्री फेज आली की टॉर्च घेऊन मोटर सुरू करायला त्याच धुऱ्यावरून जातात, पायात स्लीपर, गवत ओलं. रानडुकरांचा त्रास मी नाकारत नाही, एका रात्रीत अर्धा एकर हरभरा उकरलेला पाहिलाय मी. त्यासाठी झटका मशीन मिळते, ती झटका देऊन सोडते, जीव घेत नाही.

तक्रार करू नका म्हणणाऱ्याला तर काय बोलावं, पंचनामाच नाही झाला तर नुकसानभरपाई कशी मिळंल?

आणि त्या बोराटीत मागच्या पावसाळ्यात तित्तराची पिल्लं होती, मामांनीच मला हळूच फांदी बाजूला करून दाखवली होती.

कलमाचा फोटो पाठवलाय. बोराटी आज तरी पेटली नाही. लाईनचं विचारलं तर मामा गप्प बसले. शनिवारी सकाळच्या एसटीनं जातोय, तार लावली असेल तर मीच काढतो.