पाणबुडी बुडवली नाही, म्हणजे काहीच केलं नाही?

जॉन केनेडींचा थोरला भाऊ जो याच्याबद्दल एक मजकूर सध्या फिरतोय. राजदूताचा मुलगा, दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या विमानातून समुद्रावर सुखरूप फेऱ्या मारल्या, पाणबुडी एकही बुडवली नाही, तरी वशिल्यानं नेव्ही क्रॉस हे अमेरिकी नौदलाचं शौर्यपदक पटकावलं.

वशिल्याचं आधी उरकू. हे पदक गस्तीसाठी नव्हतंच. 12 ऑगस्ट 1944 ला साडेनऊ टन स्फोटकांनी भरलेलं लिबरेटर हे बॉम्बफेकी विमान वर न्यायचं, लक्ष्यावर आदळवण्यासाठी दूरनियंत्रणावर सोपवायचं आणि पॅराशूटनं उडी मारायची, अशी ती कामगिरी. विमान इंग्लंडमधल्या सफकच्या आकाशातच फुटलं. सोबत गेलेल्या विल्फर्ड विली यांनाही मरणोत्तर हेच पदक मिळालं, आणि ते काही राजदूतपुत्र नव्हते.

‘सुखरूप फेऱ्या’ लिहिणाऱ्यानं डेव्हनमधल्या डंकस्वेल तळाची माहिती तरी काढायची. तिथून व्हीबी-110 या जोच्या तुकडीची विमानं फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या बिस्केच्या उपसागरावर दहा-दहा तास गस्त घालायची. खाली थंडगार समुद्र, ढगांआड जर्मन युंकर्स 88 लढाऊ विमानं, आणि परतताना तळावर धुकं. त्या तळावरून गेलेली बरीच विमानं परत आली नाहीत.

राहिला पाणबुडीचा मुद्दा. जोनं एकही बुडवली नाही, हे खरंच आहे. पण गस्तीचं माप ते नव्हे. ब्रेस्ट, लोरियां, सां-नाझेर या फ्रेंच बंदरांतून निघालेल्या जर्मन पाणबुड्यांना अटलांटिक गाठायला बिस्के ओलांडावाच लागे. पृष्ठभागावर त्या 17 नॉटनं (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) पळत. पाण्याखाली बॅटरी पुरवायची तर तीन-चार नॉटनं रांगावं लागे. डोक्यावर रडारवालं विमान आहे एवढ्या धाकानंच त्या बुडी मारत, आणि जहाजांच्या ताफ्यांच्या शिकारीचे दिवस वाटेतच संपत. पुढे जर्मनांनी पाण्याखालूनच डिझेल इंजिन चालवायला श्नॉर्केल नळी बसवली, ती कुणाच्या भीतीनं? वैमानिकाच्या नोंदवहीत मात्र ‘काही दिसलं नाही’ एवढंच उरे.

आणि घरी परतायची मुभा मिळाल्यावरही जून 1944 च्या नॉर्मंडी चढाईसाठी जो गस्तीवर थांबला, हे त्या मजकुरात कुठेच नाही.

जोच्या त्या शेवटच्या उड्डाणाचं लक्ष्य असलेला उत्तर फ्रान्समधला मिमोयेकचा जर्मन तोफांचा तळ ब्रिटिश बॉम्बफेकीनं 6 जुलैलाच निकामी झाला होता. त्या उड्डाणाची गरज काय होती, असं कुणी विचारलं असतं, तर मी हे लिहायला बसलोच नसतो.