घंटा कुणाची?

उप्सालात राहायला आले त्या पहिल्याच वर्षी कराच्या कागदावर एक ओळ दिसली आणि तिचा अर्थ काही लागेना. शेजारच्या निवृत्त बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "हे तुझ्या अंत्यसंस्काराचं." स्वीडनमध्ये कमावत्या माणसाकडून दफनशुल्क घेतात. तो ख्रिस्ती असो, मुसलमान असो, हिंदू असो, नाहीतर कुठल्याच धर्माचा नसो. त्यातून मेल्यावर दहन किंवा दफन, पंचवीस वर्षांपुरती जागा आणि धर्मचिन्हं नसलेली एक खोली मिळते. स्टॉकहोम आणि त्रानोस सोडलं तर सगळीकडे हा कारभार स्वीडिश चर्च बघतं. म्हणजे मी, वाईची, वारकऱ्याची मुलगी, गेली चौदा वर्षं एका चर्चच्या हाती पैसे देते आहे.

हे आता आठवायचं कारण म्हणजे घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा वाद. आषाढी जवळ आली की तो दर वर्षी पेटतो. दादा म्हणतो, देवस्थानं सरकारच्या हातातून सोडवा. पैसा भक्तांचा, मग त्यावर सरकारने नेमलेली माणसं का बसवायची? काकांचं म्हणणं नेमकं उलट. पंढरपुरातले बडव्यांचे, म्हणजे विठ्ठलमंदिराच्या पिढीजात पुजाऱ्यांचे, दिवस त्यांनी पाहिले आहेत. 1973 चा पंढरपूर मंदिरे अधिनियम, मग वर्षानुवर्षं चाललेले कज्जे, आणि जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांचा दावा फेटाळला त्या दिवशी काकांनी वाटलेले पेढे, हे सगळं मला पाठ आहे. शेवटी दोघंही माझ्याकडे वळतात. दादा विचारतो, "तुमच्याकडे चर्चला सरकार हात लावतं का?" काका लिहितात, "युरोपात राजांनीच धर्म सुधारला म्हणून ते देश पुढे गेले. सांग ह्याला."

आजवर मी गप्प राहिले. या वर्षी लेकीला शाळेत निबंधाचा विषय मिळाला: गुस्ताव वासा, देशाचा पिता की जुलमी राजा? तिच्यासाठी पुस्तकं आणली आणि मीच त्यात बुडाले.

काकांच्या मनातला धर्मसुधारक राजा तो हाच. नोव्हेंबर 1520 मध्ये तेव्हा स्वीडनवरही राज्य करणारा डेन्मार्कचा राजा दुसरा क्रिस्तियान याने स्टॉकहोमच्या चौकात ऐंशीच्या वर माणसांची मुंडकी उडवली. त्यात गुस्तावचे वडीलही होते. तरुण गुस्ताव उत्तरेकडच्या डालार्ना भागात पळाला, खाणकामगारांच्या नि शेतकऱ्यांच्या घरांत लपला, त्यांनाच सोबत घेऊन उठला, आणि 6 जून 1523 रोजी राजा म्हणून निवडला गेला. तो दिवस आज इथला राष्ट्रीय दिन आहे. मोरा गावच्या लोकांनी त्याला परत बोलावलं, या आख्यायिकेच्या आठवणीत दर वर्षी हजारो लोक नव्वद किलोमीटर बर्फावरून स्की करत जातात. शौर्याची ही गोष्ट मलाही आवडते. आपण गडांच्या गोष्टी ऐकत वाढलेली माणसं, ती आवडायचीच.

पण डालार्नाच्या शेतकऱ्यांइतकीच ही लढाई ल्यूबेकच्या जहाजांवरही जिंकली गेली होती. उत्तर जर्मनीतलं ते श्रीमंत व्यापारी शहर. त्याने जहाजं दिली, भाडोत्री सैन्य दिलं, आणि वर हिशेब लिहून ठेवला. नव्या राजाची तिजोरी रिकामी होती. आणि पैसा होता चर्चकडे: देशातली साधारण एक पंचमांश जमीन चर्चची, राजसत्तेची जेमतेम वीस भागांतला एक भाग.

जून 1527 मध्ये वेस्तेरोस शहरात देशाच्या प्रतिनिधींची सभा भरली. राजाने सांगितलं की असं चालणार असेल तर मी राज्य सोडून निघतो. सभा नमली. बिशपांनी किल्ले द्यायचे, चर्चचं 'जादा' उत्पन्न राजाकडे जायचं, आणि 1454 पासून सरदार घराण्यांनी चर्चला दिलेल्या जमिनी त्यांना परत मिळायच्या. ज्या सरदारांनी मान डोलवायची, त्यांचीही अशी सोय झाली. त्याच ठरावात, देवाचं वचन शुद्ध रूपात सांगितलं जावं, असंही एक वाक्य होतं. काका ज्याला धर्मसुधारणा म्हणतात ती बहुतेक त्या एका वाक्यात आहे. बाकीचा ठराव जमीन-महसुलाचा. लिंकोपिंगचे बिशप हान्स ब्रास्क त्याच वर्षी देश सोडून गेले आणि परदेशातच वारले. 1560 मध्ये राजा मेला तेव्हा देशातली चौथाईहून जास्त जमीन राजसत्तेकडे होती.

यात मला सगळ्यात जास्त छळते ती घंटेची गोष्ट.

ल्यूबेकचं कर्ज फिटेना, म्हणून 1531 मध्ये हुकूम निघाला: गावोगावच्या चर्चमधून एकेक घंटा द्या, नाहीतर तिच्या किमतीचा पैसा द्या. इथली गावातली घंटा काय असते हे इथे राहिल्यावर कळलं. हिवाळ्यात दुपारी तीनला अंधार पडतो, बर्फात रस्ता दिसत नाही, माणूस आवाजाच्या दिशेने चालतो. आग लागली की तीच, कुणी गेलं की तीच. आणि ती राजाने दिलेली नव्हती. गावाने पै-पै जमवून, तांबं-कथील घालून ओतवलेली. डालार्नाच्या लोकांनी ती देणार नाही म्हणून सांगितलं आणि नेलेल्या काही घंटा परत आणल्या. याला इथल्या इतिहासात 'घंटांचं बंड' असंच नाव आहे. 1533 च्या सुरुवातीला राजा सैन्य घेऊन तांब्याच्या खाणीपाशी आला, जमलेल्या लोकांना वेढा पडला, काहींची डोकी तिथेच उडाली. पुढच्या वर्षी स्टॉकहोममध्ये ज्यांचा शिरच्छेद झाला त्यांत रांकहिटनचा आन्देर्स पेर्शोन होता. पळपुट्या गुस्तावला ज्याने 1520 मध्ये आपल्या घरी आसरा दिला, तोच हा माणूस.

हे वाचलं त्या रात्री मला मेणवली आठवली. वाईपासून दोन-तीन किलोमीटरवर, कृष्णेच्या घाटावर, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या ज्या घंटा आल्या, त्यांतली ती एक. भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. लहानपणी सहलीला गेलो की आम्ही तिच्याखाली उभं राहून टाळ्या वाजवायचो. विजयाची खूण म्हणूनच ती आम्हाला दाखवली गेली, आणि वसईच्या मोहिमेमागे केवढा छळ होता हे मला ठाऊक आहे. 1540 मध्ये, म्हणजे गुस्तावच्याच काळात, गोव्याच्या तिसवाडीतली देवळं पाडली गेली आणि पुढे देवांच्या जमिनी चर्चच्या कामाला लावल्या गेल्या, हेही मी विसरत नाही. तरी ती घंटा वाजवून प्रार्थनेला जाणारी वसईची बाई माझ्या मनात तोवर एकदाही आली नव्हती. ती डालार्नाने आणली.

बंड तिथेच थांबलं नाही. 1542 मध्ये दक्षिणेकडच्या स्मोलँडमध्ये निल्स डाके नावाच्या शेतकऱ्यामागे सगळा मुलूख उठला. त्यांच्या तक्रारी ऐकण्यासारख्या होत्या. कर वाढले. सीमेपलीकडे बैल नि लोणी विकायला बंदी. आणि चर्चमधली चांदी नेल्यामुळे, लवकरच चर्चमध्ये जाणं आणि ओसाड रानात जाणं सारखंच होईल, असं ते म्हणत. राजाने जर्मन भाडोत्री शिपाई आणले. 1543 मध्ये डाके मारला गेला. पुढच्याच वर्षी वेस्तेरोसला राजपद वंशपरंपरेचं झालं. निवडून आलेल्या राजाने निवडणूकच संपवली.

मग यात खरी सुधारणा काहीच नव्हती का? होती, आणि ती मी मनापासून मानते. 1526 मध्ये नवा करार स्वीडिशमध्ये छापला गेला, 1541 मध्ये पूर्ण बायबल. लोकांना देवाचे शब्द आपल्या भाषेत मिळणं म्हणजे काय, हे ज्ञानेश्वरीच्या घरात वाढलेल्या माणसाला समजवावं लागत नाही. या कामाचा आत्मा होता ओलाउस पेत्री, लोहाराचा मुलगा, स्टॉकहोमचा प्रवचनकार. आणि त्यालाच 1540 च्या सुरुवातीला राजाच्या न्यायासनाने मृत्युदंड सुनावला! राजाविरुद्धचा जुना कट त्याला कळला होता आणि त्याने तो सांगितला नाही, असा आरोप. दंड भरून जीव वाचला. चर्चची सूत्रं तोवर राजाने स्वतःच्या माणसाकडे दिली होती. सुधारकाचा उपयोग होता तोवर सुधारक, पुढे तो नकोसा. पण त्याने न्यायाधीशांसाठी लिहिलेले नियम आजही दर वर्षी स्वीडिश कायद्याच्या ग्रंथात पहिल्या पानांवर छापतात. जे न्याय्य नाही, ते कायदाही असू शकत नाही, असं त्यात म्हटलं आहे.

काका, तुमच्यासाठी इथे एक नाव घेते. घंटांसाठी डोकी उडत होती त्याच सुमारास पैठणला एकनाथांचा जन्म झाला. भागवतावर मराठीत लिहिलं, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यासाठी कुठल्या राजाने कुणाची जमीन जप्त केली नाही. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि विठ्ठलाचं दार दलितांना उघडलं. आपल्याकडची सगळ्यात मोठी सुधारणा एका उपाशी माणसाने केली. ती राजाकडे कशाला मागायची?

आणि दादा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हात लावतं, आणि भरपूर लावला. स्वीडिश चर्च सन 2000 पर्यंत राष्ट्राचं अधिकृत चर्च होतं. वेगळं झाल्यावरही दफनशुल्काचा दर सरकारी कचेरीच ठरवते. त्या कचेरीचं नाव काम्मारकोलेगिएत. ती 1539 मध्ये गुस्तावच्या काळातच सुरू झाली, राजाची वसुली मोजायला. आज ती माझ्या चितेचे पैसे ठरवते. वाचून अंगावर काटा आला, पण मग पुढचंही वाचलं. चर्चचे सभासद नसलेल्या माझ्यासारख्यांचं हित बघायला प्रत्येक ठिकाणी एक प्रतिनिधी नेमलेला असतो. पैसा कुठे गेला हे तो तपासतो, वर्षाला अहवाल देतो. मी आमच्या भागातल्या प्रतिनिधीला पत्र लिहिलं, मोडक्यातोडक्या स्वीडिशमध्ये. चार दिवसांत उत्तर आलं, आकड्यांसकट. तू कोण, तुझा धर्म कुठला, असं कुणी विचारलं नाही. पैसे दिलेस ना, मग हा हिशेब.

डालार्नाच्या शेतकऱ्याला हे मिळालं असतं तर? घंटा कशासाठी जाते, कर्ज किती, उरलं किती, राजवाड्याला किती, हे त्याला कुणी सांगितलं नाही. ग्रिप्सहोमचा किल्ला बांधताना जवळच्या मठाचे दगड वापरले गेले, ते त्याला फक्त दिसले.

म्हणून ग्रुपवर मी या वेळी लिहिलं की तुम्हा दोघांचं भांडण अर्धंच आहे. बडव्यांच्या हातून काढून सरकारला दिलं, आता सरकारकडून काढून आणखी कुणाला द्यायचं. देणारी आमची आजी मात्र दर वेळी बाहेरच उभी. तिने पदराच्या गाठीतून सोडून दानपेटीत टाकलेल्या दहा रुपयांचं काय झालं, हे विचारायचा हक्क तिला नावानिशी द्या. कायद्यात लिहून द्या. मग विश्वस्त कुणीही असोत. आणि आपल्या राजांच्या नावाने भांडतानाही आधी कागद बघा. गुस्तावची पत्रं इथे एकोणतीस खंडांत छापली आहेत, म्हणून माझी बारा वर्षांची मुलगी त्याला प्रश्न विचारू शकते. पुण्यात पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली गाठोडी, आहेत, आणि मोडी वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत.

दादाने लगेच विचारलं, असा प्रतिनिधी नेमणार कोण, पुन्हा सरकारच ना? प्रश्न रास्त आहे. इथेही त्याला जिल्हा प्रशासनच नेमतं. मी त्यावर दोन दिवस विचार केला. पंढरपुरात तो दिंड्यांनी नेमावा, दर वर्षी वेगळ्या दिंडीने, आणि कार्तिकीला चंद्रभागेच्या वाळवंटात उभं राहून त्याने वर्षाचा जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा.