निळं अधिक पिवळं: एक चूक कबूल, एक नाकबूल

नमस्कार सर,

रंगांचे ठिपके शेजारी शेजारी मांडून चित्र काढणारा फ्रेंच चित्रकार सिन्याक, त्याच्या ‘सँ-त्रोपेचं बंदर’ या चित्रावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही दोन गोष्टींवरून माझे कान उपटलेत. निळे-पिवळे ठिपके लांबून बघितले की डोळ्यात हिरवा रंग तयार होतो, हे माझं वाक्य साफ चूक. आणि असं चित्र म्हणजे नुसतं चिकाटीचं काम, ‘रांगोळीचे ठिपके काढल्यासारखं’, असं तुमचं म्हणणं.

पहिलं मान्य. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या मुलांना वर्षानुवर्षं रंगचक्र शिकवलेल्या माणसाशी वाद घालण्याआधी काल रात्री पुठ्ठ्याची चकती कापली, अर्धी पिवळी, अर्धी निळी रंगवली आणि मधे काडी खुपसून गरगर फिरवली. हिरवा कुठला, मळकट राखाडी! रंग कालवले की दोन्ही रंग आपापल्या वाटचा उजेड शोषतात आणि हिरवा उरतो. ठिपक्यांच्या बाबतीत डोळ्यात दोन्हींच्या उजेडाची सरासरी होते. मी ऐकीव माहिती ठोकून दिली होती. वाक्य बदललंय.

पण मग हे ठिपके पुरते मिसळले असते, तर त्या बंदरातलं ऊनही मळलंच असतं की! सिन्याक ते मिसळू देत नाही. 1892 मध्ये, ही ठिपक्यांची पद्धत सुरू करणारा त्याचा मित्र स्यूरा वारल्याच्या दुसऱ्या वर्षी, तो स्वतःच्या शिडाच्या बोटीतून दक्षिण फ्रान्समधल्या सँ-त्रोपेला आला आणि पुढे त्याचे ठिपके मोठे होत गेले. हे चित्र 1901-02 चं, आता टोकियोत उएनो भागातल्या पाश्चात्त्य कलेच्या संग्रहालयात असतं. तिथे मी अगदी जवळ गेलो तर ठिपका म्हणावा असा दिसेचना. मोझेकच्या तुकड्यांसारखे चौकोनी फटकारे, शेजारी शेजारी. मागे मागे सरकलो, तरी ते विरघळले नाहीत. पाणी आपलं लुकलुकतंच आहे.

या लुकलुकण्याचं मूळ एका तक्रारीत आहे. पॅरिसच्या गोब्लँ विणकाम कारखान्यात शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो, असं गाऱ्हाणं त्याच्याकडे आलं. दोष काळ्या रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यात होता. 1839 च्या पुस्तकात त्याने हे सगळं मांडलं. नारिंगीला खेटून बसला की निळा आणखी निळा होतो, ते याच हिशेबाने.

म्हणून रांगोळी मला पटत नाही. तिथे ठिपक्यांची जागा आधीच ठरलेली. इथे कुठल्या निळ्याशेजारी कुठला नारिंगी, हे प्रत्येक फटकाऱ्याला नव्याने ठरवायचं. सिन्याकनेही 1899 च्या पुस्तकात बजावलंय की आम्ही ठिपके मारत नाही, रंग विभागतो, म्हणजे न कालवता वेगवेगळे शेजारी मांडतो.

चिकाटीचा जाच मात्र खरा. 1904 च्या उन्हाळ्यात चित्रकार मातीस सँ-त्रोपेला सिन्याककडे येऊन ही पद्धत शिकला आणि वर्षभरात वैतागून सोडून मोकळा झाला.

चकतीचा फोटो लेखाखाली टाकलाय. निळा जरा जास्त झालाय, ओरडू नका.