गांजाचं ‘एकरी २० लाख’ आणि आपला सप्टेंबर

पोळ्याच्या आठवड्यात विदर्भातल्या आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज पडला. दोन दिवसांनी तोच सासुरवाडीच्या ग्रुपवर आला, मग बचत गटाच्या. आता तो मला तोंडपाठ झाला आहे. सुरुवात ‘कास्तकार बांधवांनो’ अशी. पुढे म्हणे, सरकारने गांजाची, म्हणजे ‘हेम्प’ची शेती खुली केली आहे. हे रानटी झाड, त्याला ना कीड लागते ना बुरशी, पाऊस कितीही पडो. तुरीच्या नाहीतर कपाशीच्या तासात लावलं तरी चालतं. चुकूनमाकून बुरशी आलीच तर ताक-गोमूत्राचा फवारा मारायचा, आणि माल सावलीत वाळवला की उरलीसुरली बुरशी मरते. एकरी २० लाख नक्की. शेवटी बियाण्याच्या बुकिंगसाठी मोबाईल नंबर.

मी हसून सोडून दिलं असतं. पण शेजारच्या वावरातला पोरगा संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, “काकाजी, लावून पाहू काय एखादं एकर?” त्याच्या डोक्यावर मागच्या हंगामाचं पीककर्ज आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. मी बारा वर्षं कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर काढली, घरचं पाच एकर कोरडवाहू आहे. गांजा मी कधी पिकवला नाही. पण ओल्या हवेत फूल, बोंड आणि दाणा कसा सडतो हे पाहण्यात निम्मं आयुष्य गेलं आहे.

‘सरकारने खुली केली.’ हे आधी उरकून टाकतो. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने देशभर गांजाच्या झाडाची लागवड बंद आहे. कलम २० प्रमाणे लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. जवळ किती किलो सापडला त्यावर शिक्षा कमीजास्त होते, पण तो हिशेब बाळगण्याचा आणि विक्रीचा. लागवडीला तो लागू नाही. याच कायद्याच्या कलम १४ मध्ये एक फट आहे. धागा किंवा बी यांसारख्या औद्योगिक कामासाठी सरकार खास आदेश काढून परवानगी देऊ शकतं. ती फट उत्तराखंडने वापरली आणि २०१८ साली पहिला परवाना दिला. तोही नशेचा अंश ०.३ टक्क्याच्या आत असलेल्या वाणासाठी. महाराष्ट्राने कास्तकाराला अशी मुभा दिलेली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हेम्पचं बी, बियांचं तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली, त्याचं कात्रण मेसेजमध्ये जोडलं आहे. पण ती मान्यता बी खाण्याची आहे, झाड लावण्याची नाही.

‘हेम्पच्या बियाण्यावर अनुदान’ असा आणखी एक कागद जोडला आहे. तो नीट वाचा. तो सनहेम्पचा आहे. सनहेम्प म्हणजे आपला ताग, हिरवळीच्या खतासाठी गाडतो तो. शेंगवर्गातलं पीक, गांजाशी काडीचं नातं नाही. आणि पहिला फोटो मोठा करून पाहिला तेव्हा मला हसूच आलं. ती अंबाडी आहे. पानाच्या बोटांवरून फसतो माणूस. शास्त्रज्ञांनाही ते साम्य दिसलं होतं, म्हणून तर एका अंबाडीचं नाव हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे ‘गांजासारखी’, असं ठेवलं. ज्याला अंबाडी ओळखता येत नाही तो तुम्हाला बियाणं विकतो आहे.

आता मुख्य मुद्दा. ‘रानटी झाड, पाऊस कितीही पडो.’

झाड टिकतं, हे खरं. हिमालयाच्या पायथ्याशी ते उकिरड्यावर वाढतं. पण रानातलं झाड आणि मेसेजवाला ज्याचे २० लाख मोजतो आहे ते झाड यात फरक आहे. रानातल्याचा तुरा विरळ असतो, बी भरलेला असतो, सडला तर कोणाचं काही जात नाही. बाजारासाठी निवडलेल्या वाणाचा तुरा मक्याच्या कणसासारखा गच्च असतो. एकावर एक फुलं, मध्ये बारीक पानं, वरून चिकट राळ. त्यात पावसाचं पाणी शिरलं की बाहेर वाट नाही. बाहेरून सुकलेलं दिसतं आणि आतल्या दांड्याशी ओल तशीच राहते. बोट्रायटिस नावाची करडी बुरशी नेमकी तिथूनच सुरू होते. तिचे बीजाणू हवेत कायम असतात, पालापाचोळ्यावर वाढतात. १५ ते २५ अंश तापमान, दमट हवा आणि काही तास टिकलेली ओल मिळाली की मरत आलेल्या फुलाच्या तंतूवर ती रुजते. पहिली खूण म्हणजे गच्च हिरव्या तुऱ्यात एखादंच पिवळं पडलेलं पान. ओढलं की अलगद हातात येतं. तुरा फोडून पाहिला की आत तपकिरी लगदा आणि राखेसारखी पूड. बाहेर दिसेपर्यंत अर्धा तुरा गेलेला असतो, आणि नेमका सर्वांत मोठा, सर्वांत वजनदार तुराच आधी जातो.

करड्या बुरशीला आपला सप्टेंबर जरा उबदारच. तिचा खरा हंगाम पुढे, धुवारी म्हणजे धुकं पडतं तेव्हा. तुरीचा फुलोरा धुवारीत कसा गळतो ते सांगायला नको. पण सप्टेंबर म्हणून मोकळा आहे असं नाही. त्या उबेत फ्युजेरियम, आल्टरनेरिया, अस्परजिलस ही बुरश्यांची मंडळी हजर असतात. कोण म्हणतं ओळखीची नाहीत? खरिपाच्या ज्वारीचं कणीस काळं-गुलाबी करणारी यातलीच.

ज्वारीचा दाखला मुद्दाम देतो. आपल्या जुन्या गावरान ज्वारीला दिवस लहान होण्याची जाण होती. पाऊस सरेपर्यंत ती निसवत नसे, दाणा कोरड्या हवेत भरायचा. मग १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली आणि मागोमाग लवकर येणारे संकरित वाण आले. उतारा वाढला, पण दाणा भरायची वेळ पावसातच आली आणि काळी ज्वारी घरोघर दिसायला लागली. ज्वारी सुटायला इतर कारणंही आहेत, रानडुकरं आहेत, भाव आहे, पण दाण्यावरच्या बुरशीचा वाटा मोठा.

गांजाच्या झाडालाही हीच जाण असते. रात्र लांबली की ते फुलावर येतं. युरोप-कॅनडाकडचे वाण तिथल्या हिशेबाने बांधलेले. तिकडे जूनमध्ये १६ तासांचा दिवस, म्हणून झाड वाढत राहतं आणि ऑगस्ट सरता सरता फुलतं. आपला जूनमधला सर्वांत मोठा दिवसही साधारण सव्वातेरा तासांचा. ते बियाणं इकडे मृगात टोबलं तर त्याला वाटेल की हंगाम संपत आला. गुडघाभर उंचीवरच ते फुलेल, म्हणजे ऐन श्रावणात. सकाळी आर्द्रता नव्वदीला टेकलेली, आठ-आठ दिवस ऊन नाही, आणि तुरा उघडा. मेसेजमध्ये ‘ऑक्टोबरमध्ये काढणी’ लिहिलं आहे ते कोणत्यातरी थंड देशाच्या माहितीपत्रकातून उचललं असणार. उलट उष्ण प्रदेशातले उशिराचे वाण घेतले तर ते अडीच-तीन महिने फुलावरच राहतात. म्हणजे परतीचा पाऊसही खा आणि धुवारीही खा.

‘कीड लागत नाही.’ घाटे अळी कशी दिसते हे विदर्भात कोणाला समजावून सांगायला नको. कपाशीच्या बोंडात, तुरीच्या शेंगेत, हरभऱ्याच्या घाट्यात तीच. ती गांजाच्या तुऱ्यातही शिरते, मोकळ्या वावरात हे पीक घेतात तिथली ही जुनी डोकेदुखी. पतंग तुऱ्यावर अंडी घालतो, अळी आत पोखरत जाते, तिची विष्ठा आतच साचते, आणि त्या ओल्या जखमेत बुरशी बसते. अळी आणि सड ही जोडी बोंडसडीत पाहिली आहे तीच. आणि मेसेजवाला सांगतो तुरीच्या तासात लावा! म्हणजे घाटे अळीच्या पंगतीत नेऊन बसवा. वर सहा फुटी तुरीमुळे वारा बंद.

तासात लावण्याचा सल्ला खरं तर लपवण्यासाठी आहे, तसं लिहिलं नसलं तरी. त्याबद्दल एवढंच की कलम ४६ प्रमाणे जमिनीच्या मालकाला आपल्या वावरात असं झाड असल्याचं कळूनही कळवलं नाही तर शिक्षा आहे, आणि कलम ४७ प्रमाणे सरपंच, पंच आणि गावकामगारांनी ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. बटईने वावर दिलेल्यांनी हे दोनदा वाचावं.

मग ताक-गोमूत्र. ताकाचा फवारा पानावरच्या भुरीला थोडाफार उपयोगी पडतो, कारण भुरी वरवर असते. ही सड तुऱ्याच्या पोटात असते. तिथे फवारा पोहोचत नाही, आणि पोहोचला तर त्याने आणखी ओलच जाते. फुलावर आलेल्या झाडाला पाणी मारणं हेच मुळात उलटं. रासायनिक बुरशीनाशक म्हणाल तर आपल्याकडे कोणत्याही डब्याच्या लेबलवर हे पीक नाही. म्हणजे मात्रा किती, काढणीआधी किती दिवस थांबायचं, काही नाही, आणि हे फूल न धुता थेट जाळून छातीत ओढतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. त्या साली मी काउंटरवर होतो. ‘अंदाजाने मारा’ हे शब्द तेव्हापासून मी वापरत नाही.

जिथे कायद्याने पिकवतात, कॅनडात २०१८ पासून मोकळीक आहे, तिथले लोक काय करतात? ते आधी हवेची सोय करतात. झाडं लांब लांब, खालची आणि आतली पानं काढलेली, तुरा जरा मोकळा असलेले आणि लवकर येणारे वाण. पाणी सकाळी आणि बुडाशी. वरून प्लास्टिक, बाजू उघड्या, कारण झाकून बंद केलं तर आतच घाम धरतो. पाऊस थांबला की झाड हलवून पाणी झाडतात. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी किंवा बॅसिलस हे जिवाणू वापरतात ते फुलोऱ्याच्या आधी, प्रतिबंध म्हणून. तुरीच्या मर रोगासाठी बियाण्याला आपण आधीच चोळतो ना, तसं. सडका तुरा दिसला तर त्याच्याखालचा चांगला भागही धरून कापतात, पिशवीत घालून बाहेर नेतात, कात्री पुसतात. आणि मोठा पाऊस सांगितला असेल तर थोडं कच्चं असताना कापून मोकळे होतात. एवढं करूनही ओल्या वर्षी माल जातोच. एका एकराला किती हात लागतील याचा हिशेब कापूस वेचाईच्या मजुरीवरून करा.

‘सावलीत वाळवला की बुरशी मरते.’ हे वाक्य सर्वांत वाईट, कारण यात खिसा नाही, जीव जातो. वाळल्याने बुरशी थांबते, मरत नाही. बीजाणू कोरडे होऊन पडून राहतात आणि ओल मिळाली की उठतात. काही बुरश्यांचं विष वाळवून जात नाही, भाजूनही पुरतं जात नाही. बुरसट भुईमुगाच्या शेंगा गुरांना घालू नका असं म्हातारी माणसं सांगायची ते उगाच नव्हे. अस्परजिलसचे बीजाणू धुरासोबत फुप्फुसात गेले तर धडधाकट माणूस बहुधा निभावतो, पण ज्याची प्रतिकारशक्ती खालावली आहे त्याला ते जिवावर बेतू शकतं. टीबी बरा झाल्यावर फुप्फुसात जी पोकळी राहते तिथे ही बुरशी घर करते. आपल्या गावांत टीबी होऊन गेलेली माणसं किती आहेत ते आशाताईंना विचारा. आणि सावली म्हणजे आपला कोठाच ना? ऑक्टोबरात त्याच कोठ्यात सोयाबीनच्या पोत्याला खालून वास येतो. तिकडे वाळवायची खोली साधारण १५ ते २० अंश आणि ५५-६० टक्के आर्द्रतेवर ठेवतात, हवेतलं पाणी ओढणारं यंत्र लावून, दिवसरात्र. आपल्याकडे वीज कोणत्या आठवड्यात दिवसा आणि कोणत्या आठवड्यात रात्री हेच आधी पाहावं लागतं.

राहिले २० लाख. हा आकडा तुऱ्याच्या चोरट्या बाजाराचा आहे, आणि कागद दाखवला आहे तो धाग्याच्या आणि बियांच्या पिकाचा. दोन्ही एका एकरात बसत नाहीत. धाग्यासाठी झाडं ज्वारीच्या ताटांसारखी दाट पेरतात, तिथे तुरा नगण्य. धागाच हवा तर तो कुजवायला साचलेलं पाणी लागतं आणि सोलायला माणसं. धुऱ्यावरच्या अंबाडीचा दोर आजोबा वळायचे, त्यांना विचारलं असतं तर त्यांनी भाव सांगितला असता. आमच्या घरी सफेद मुसळी, ते औषधी मुळ्यांचं पीक, येऊन गेली आहे. ‘माल आम्हीच उचलू’ असं तेव्हाही स्टँपपेपरवर होतं. बियाण्याचे पैसे रोख घेतले आणि मुळ्या खोदायच्या वेळी फोन बंद झाला. माळ्यावर ते पोतं दोन पावसाळे होतं.

शेवटी त्या पोरासमोरच मी नंबर फिरवला, स्पीकरवर. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. विचारलं, परवाना कोणाच्या नावाने निघणार, माझ्या की तुमच्या? म्हणाला, “ती प्रोसेस नंतर होते, दादा.” विचारलं, बियाण्यातला नशेचा अंश किती, तपासणीचा कागद द्याल का? म्हणाला, बुकिंग झाल्यावर. विचारलं, पावसात तुरा सडला तर? तर म्हणाला, तुमच्या भागात पाऊस कुठे असतो, तुमचा तर दुष्काळी पट्टा.

बाहेर तेव्हा तिसऱ्या दिवसाची झड लागली होती.