गळती शून्य

गळणाऱ्या, हलणाऱ्या आणि करकरणाऱ्या वस्तूंशी माझं जुनं वैर आहे. नळ टपटपला की मी पान्हा घेऊन हजर. खुर्ची डुगडुगली की पायाखाली पुठ्ठ्याची घडी. चष्म्याची दांडी, छत्रीची मूठ, रिमोटचं झाकण, सगळ्यांच्या अंगावर माझ्या हातची काळी टेप मिरवत असते. तीच ती, वायरीला गुंडाळतात ती. "बाबा, तू वस्तू दुरुस्त करत नाहीस, त्यांना प्लॅस्टर घालतोस," असं मुलगी म्हणते. म्हणू दे. ते रिमोट अजून चालतंय.

अशा माणसाच्या नाकाला डॉक्टरांनी, झोपेत श्वास अडू नये म्हणून लावतात ते सीपॅप नावाचं यंत्र जोडून दिलं आणि वर बजावलं, "याच्याशी काही खटपट करायची नाही. लावायचं आणि झोपायचं."

आता माझ्या घोरण्याबद्दल घरात फारसं कुणी काही बोलत नसे. सवय झाली होती. बायकोची तक्रार वेगळी होती. "घोरता ते परवडलं हो. पण मधेच गप्प होता ना, तेव्हा माझा जीव टांगणीला लागतो. मी आकडे मोजत बसते. वीस, पंचवीस, तीस... मग फर्रकन गाडी सुरू." शिवाय दिवसा मी कुठेही पेंगायचो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये ते खपून जाई, तिथे मी बहुमतात होतो. पण एकदा गाडी चालवताना लाल सिग्नलला डोळा लागला आणि मागच्या हॉर्नांनी जाग आली. त्या दिवशी मात्र निमूटपणे तपासणीला तयार झालो.

या तपासणीला स्लीप स्टडी म्हणतात. डोक्याला, हनुवटीला, छातीला, पायांना तारा चिकटवल्या. छातीला एक पट्टा, पोटाला एक, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. एवढं करून तिथला मुलगा म्हणाला, "आता रोजच्यासारखं झोपा, काका." मी झोपलो. चिकटवण्याचं काम उत्तम होतं, हे त्याच क्षेत्रातला माणूस म्हणून नमूद करतो.

निकाल आला: तासाला ४२. म्हणजे झोपेत तासाला ४२ वेळा माझा श्वास अडतो किंवा फार मंदावतो, आणि तोही प्रत्येक वेळी किमान १० सेकंद. पाचाच्या आत असेल तर ठीक, ३० च्या वर गेलं की तीव्र. शाळेत ४२ गुणांवर मी जेमतेम काठाला लागायचो, इथे थेट वरची श्रेणी! झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते, हवेची वाट मिटते. प्राणवायू घसरू लागला की मेंदू धक्का देऊन उठवतो, आणि सकाळी आपल्याला त्यातलं काही आठवत नाही. यंत्राचं काम एवढंच, की हवेच्या दाबानं ती वाट उघडी धरायची. "तुमचा दाब ११ सेंटिमीटर," डॉक्टर म्हणाले. मी दोन बोटांत अंतर धरून पाहिलं. ११ सेंटिमीटर उंच पाण्याचा जेवढा दाब तेवढा, असा त्याचा अर्थ. हे मला घरी येऊन मुलीनं सांगितलं.

पहिल्या रात्री मास्क चढवला, पट्टे लावले, बटण दाबलं आणि बायकोला म्हणालो, "दिवा घालव." म्हणजे म्हणायला गेलो. मास्क नाकावरचा होता. तोंड उघडताच नाकातून शिरलेली हवा तोंडातून भसकन बाहेर आली आणि 'दिवा' एका श्वासात सगळ्या खोलीभर पसरला. बायकोनं पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. ते गदगदा हलत होतं.

दुसऱ्या दिवशी यंत्राच्या पडद्यावर लिहून आलं: गळती जास्त. गळती! यंत्रानं नेमका माझ्या वर्मावर घाव घातला होता. त्या रात्री मी पट्टे असे आवळले, की सकाळी गालांवर रेल्वेचे रूळ उमटले आणि नाकाच्या वरच्या हाडाशी लाल चट्टा पडला. गळती? आदल्या रात्रीपेक्षा जास्त. मास्कची मऊ कड हवेनं किंचित फुगते आणि चेहऱ्यावर अलगद टेकते. आवळली की चुरगळते आणि सुरकुत्यांतून हवा निसटते. आडवं पडून, हवा चालू ठेवून, मग पट्टे बेताचे करायचे असतात. हे सगळं माहितीपत्रकात होतं. माहितीपत्रक खोक्यात होतं. खोकं माळ्यावर होतं.

तिसऱ्या रात्री मी शोधमोहीम हाती घेतली. हवा चालू केली आणि मास्कभोवती हळूहळू तळहात फिरवला. आणि सापडलं! मास्कच्या पुढच्या बाजूला, नळी जोडतात तिथे, बारीक भोकांची एक रांगच होती. त्यातून हवेची बारीक धार सूं सूं करत बाहेर पडत होती. एवढं महागडं यंत्र आणि त्याला भोकं! मी उठलो, खण उघडला, काळी टेप काढली, दातानं तोडली आणि भोकांवर दोन आडव्या, एक उभी अशी पक्की बसवली. सूं सूं थांबलं. पडद्यावर गळती शून्य. तो क्षण मी अजून विसरलेलो नाही. विजयी मुद्रेनं आडवा झालो. चारपाच मिनिटांत डोकं जड वाटायला लागलं, कोंदट वाटायला लागलं. म्हटलं, समाधानानं होत असेल.

तेवढ्यात मुलगी तिचा चार्जर शोधत आत आली, माझ्याकडे पाहिलं आणि मास्क खसकन खाली ओढला.

"बाबा! तू उच्छ्वास कुठे सोडणार आहेस?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. नळी एकच, तीही आत येणारी. आपण सोडलेली हवा त्या भोकांतूनच बाहेर जाते. ती बुजवली की आपलाच कार्बन डायऑक्साइड आपण पुन्हा पुन्हा आत घेत राहतो. याच कारणानं यंत्र बंद असताना मास्क लावून नुसतं पडून राहायचं नाही, आणि रात्री वीज गेली तर आधी मास्क काढायचा. पूर्ण तोंडावरच्या मास्कला अशा वेळी आपोआप उघडणारी एक झडप असते, पण म्हणून तसंच घोरत पडायचं नाही. मुलीनं हे सगळं उभ्याउभ्या ऐकवलं आणि टेप जप्त केली.

मी बचावाला इतिहास काढला. हे यंत्र शोधणारे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८० साली सिडनीत पहिला प्रयोग केला तो व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरून. १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांवरचा लेख आला, तोपर्यंतही मास्क रोज रात्री चेहऱ्याला सिलिकॉननं चिकटवत. "चिकटवत!" मी ठासून म्हणालो. बायको म्हणाली, "त्यांनी चेहऱ्याला चिकटवला. भोकाला नाही."

पुढे पाण्याचं प्रकरण झालं. हवा कोरडी पडू नये म्हणून यंत्राला छोटी टाकी असते. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं, रोज उरलेलं ओतून टाकायचं, टाकी धुऊन वाळवायची. मी आठवडाभर नळाचं पाणी घातलं. तळाशी पांढरा थर चढला. मग तो खरवडला, त्यात टाकीला ओरखडे पाडले. एका रात्री यंत्राचा आवाज कानाशी येतो म्हणून ते टाकीसकट उचलून उशाच्या वरच्या फळीवर ठेवलं. मध्यरात्री कूस बदलताना नळी ओढली गेली, यंत्र कललं आणि माझ्या नाकात थेट धरण फुटलं. यंत्र डोक्याच्या पातळीखाली ठेवायचं आणि हलवण्याआधी टाकी रिकामी करायची, हे मी आता झोपेतही सांगू शकतो. तेही नाकाला मास्क नसेल तर.

मग दादा आला राहायला. माझा थोरला भाऊ, घोरण्यातही थोरला. सकाळी माझा टवटवीत चेहरा पाहून म्हणाला, "अरे, एक रात्र मला दे की हे. भावाभावांत काय!" मी काढून देणारच होतो. बायको मधे पडली. "दादा, यांचा दाब यांच्या मापाचा आहे, तुमची आधी तपासणी करा. आणि या मास्कच्या क्लिपांमध्ये लोहचुंबक आहे, तुम्हाला पेसमेकर बसवलाय. छातीजवळसुद्धा आणू नका." माहितीपत्रकात असं चुंबक शरीरातल्या उपकरणापासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवा म्हणून लिहिलं होतं. बायकोनं दादाची खुर्चीच दीड मीटर मागे सरकवली. रात्री तो बाहेरच्या खोलीत झोपला. भिंतीपलीकडून यंत्राआधीचा मी ऐकू येत होतो. मधेच आवाज थांबला आणि मी अंथरुणात उठून बसून मोजायला लागलो. वीस, पंचवीस... बायको अंधारात म्हणाली, "आता कळलं?" पुढच्या आठवड्यात दादाची तपासणी झाली.

आता तासाला ४२ चे दोन झालेत. फिल्टर वेळेवर बदलतो, मास्क रोज साध्या साबणानं धुतो. परवा रात्री मात्र एक नवाच आवाज यायला लागला, बारीक शीळ घातल्यासारखा, नळीच्या जोडाजवळून. मी दिवा न लावता हळूच हात लांब केला, खण सरकवला आणि आत चाचपडू लागलो.

"तिथे नाहीये," शेजारून आवाज आला. "झोपा."