'चाळणं' या शब्दाबद्दल

नमस्कार सर,

नव्याने हाती लागलेल्या पुस्तकांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "कादंबरी, आत्मकथन, जंगल, इतिहास, सगळंच थोडं थोडं. हे वाचन नव्हे, चाळणं आहे. आधी एका प्रकारात खोल उतरा. सोलापुरात बसून नव्या पुस्तकांची काय ओळख करून देणार? किमतीही नाहीत. 'उपरा'चं सालही चुकलंय."

सालाचं मान्य. लक्ष्मण माने यांचं आत्मकथन 'उपरा' आलं १९८० साली, साहित्य अकादमी पुरस्कार १९८१ चा. मी दोन्हीला एकच साल लावलं होतं. दुरुस्त केलंय.

पण 'चाळणं'? मतभेद असू द्या हो. मास्तरांनी वही अंगावर भिरकवावी तसा शब्द टाकलात, तो लागला.

माझे वडील यंत्रमागावर होते. घरात पाठ्यपुस्तकाशिवाय पुस्तक नव्हतं. नववीत वाचनालयाचा सभासद झालो, तेव्हा कुठल्या कपाटापाशी जायचं हेच कळेना. मग परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगापाशी उभा राहायचो. मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघायचो. शिक्क्यावर शिक्का, जांभळी शाई फुटलेली, म्हणजे पुस्तक फिरतंय. एखाद्या चिठ्ठीवर दोनच शिक्के असायचे, मध्ये सात वर्षं. तेही मी मुद्दाम न्यायचो.

त्याच ढिगात लोणच्या-मुरांब्यांच्या पुस्तकाखाली 'अक्करमाशी' निघालं. ते आत्मकथन लिहिणारे शरणकुमार लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. आपल्या जिल्ह्यातलं गाव पुस्तकात असू शकतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं! तिथून 'बलुतं', 'उचल्या' ही आत्मकथनं. पुढे नोकरीला लागल्यावर 'चकवाचांदण' हे एका वनाधिकाऱ्याचं आत्मचरित्र घेतलं, तेही लेखक मारुती चितमपल्ली मूळ सोलापूरचे म्हणून. जंगलाशी माझा काडीचा संबंध नव्हता. त्या पुस्तकानं पक्ष्यांच्या पुस्तकांकडे नेलं. आता सांगा, 'चकवाचांदण' आत्मचरित्राच्या कपाटात ठेवायचं की निसर्गाच्या?

'एका प्रकारात उतरा' हे भिंतभर पुस्तकांच्या घरात वाढलेल्यानं म्हणावं. तुमच्याकडे ती होती की नाही माहीत नाही, सूर मात्र तोच आहे.

किमती बदलतात, म्हणून देत नाही. 'सोलापुरात बसून' याला उत्तर देणार नाही.

पुढच्या लेखात एक रहस्यकथा आणि दुष्काळावरचं एक पुस्तक शेजारी-शेजारी येणार आहेत. जरूर लिहा. फक्त आधीचा लेख शेवटपर्यंत वाचला होता का, तेवढं कळवा.