पट्टा लावा की हो
टेकडीवर कुत्री आणायलाच बंदी करा असं एका लेखात म्हटलंय, अर्धं पटलं अर्धं नाही. मी रोज सकाळी आमच्या मोतीला घेऊन पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जाते, पट्टा लावूनच. खाणीकडच्या अरुंद वाटेवर समोरून कुणी आलं की मी कडेला होते, मोतीला बसवते, तरी एक काका २० फुटांवरूनच काठी उगारून "चावतो का हो?" विचारतात, रोज! त्यांना लहानपणी कुत्रा चावलेला, पोटात १४ इंजेक्शनं घेतलीयत, मग राग कसला येणार. उलट एक आज्जी पदराच्या गाठीतून अर्धा पार्ले-जी काढतात, माझं नाव त्यांना आजही माहीत नाही, मी फक्त 'मोतीची आई' 😄

पण परवा एकाने लॅब्राडोर मोकळा सोडला आणि तो थेट मोरामागे, मालक लांबून नुसता "ही इज फ्रेंडली" ओरडतोय. अहो मोराला सांगा ते! मोर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, एवढं तरी माहीत असावं. असल्या लोकांमुळेच आमच्यावर बंदी येणार, मोतीची काय चूक त्यात.